दोन सेकंदांची अडखळ

७ ऑक्टोबर २०२४, नवरात्रातला सोमवार. माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, हृदयाची तपासणी दर तीन महिन्यांनी छत्रपती संभाजीनगरला असते. त्यासाठी आम्ही एरंडोलहून कासोदा, भडगाव, चाळीसगाव या मार्गाने पहाटेच निघालो होतो. गाडीत नाना, आई, पत्नी आणि मी असे चौघे होतो आणि एसी चालू होता. चाळीसगाव मागे टाकून कन्नडचा घाट चढू लागलो, एका वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडीने दादच दिली नाही. साधारण दोन सेकंद ती तशीच रेंगाळली आणि मग हिसका देऊन पुढे सरकली. आरशात पाहिले तर मागे काळ्या धुराचा लोट होता. पुढच्या प्रत्येक चढणीला हेच झाले. नानांनी काही न बोलता हात पुढे करून एसी बंद केला आणि कन्नड येईपर्यंत समोरचा दांडा धरून बसले. वर पोहोचल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, “गाडी थकी गई रे.”

ही गाडी त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली आहे. २२ जानेवारी २०१० ची नोंदणी, टर्बो असलेले कॉमन रेल डिझेल इंजिन (एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या नोझलना दाबाने डिझेल देणारे), आणि त्या दिवसापर्यंत १ लाख ४८ हजार किलोमीटरचा प्रवास. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, त्यामुळे २१ जानेवारी २०२५ नंतर ती रस्त्यावर ठेवायची तर नूतनीकरण करावे लागणार होते. त्यासाठी परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते आणि पीयूसी वैध असावी लागते. असा धूर सोडणारी गाडी त्या तपासणीला नेता येणार नव्हती. गाडी विकून टाकावी असे घरात एकदा बोलणे झाले. नाना त्या वेळी उठून अंगणात गेले, आणि तो विषय तिथेच संपला. गाडी दुरुस्त करायची, पण दोष नेमका कळल्याशिवाय मोठा खर्च करायचा नाही, असे मी ठरवले. प्रत्यक्षात हे दुसरे पाळणे फार अवघड गेले.

गावातल्या मिस्तरींकडे ९ ऑक्टोबरला गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा डिझेल फिल्टर उघडला आणि त्यातले डिझेल काचेच्या बाटलीत काढले. बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवल्यावर तळाशी बोटभर पाणी वेगळे झालेले दिसले. पावसाळ्यानंतर असे पाणी निघणे नवीन नाही, आणि कॉमन रेलच्या पंपाला व इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला पाणी फार घातक असते. नवा फिल्टर ९५० रुपयांना आणि वायसर व काही किरकोळ भाग २०० रुपयांना मिळाले, मजुरी २०० रुपये झाली. फिल्टर बदलल्यावर हात पंपाने डिझेल ओढून हवा नीट काढावी लागते, नाहीतर गाडी एअर धरते आणि सुरूच होत नाही. हे काम त्यांनी माझ्या समोर केले. गाडी हलकी वाटू लागली. दोष सापडला असे मी घरी सांगून टाकले आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना आम्ही सगळे निश्चिंत होतो.

दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, पद्मालयाच्या गणपतीला गेलो. आमच्या एरंडोलपासून जवळच्या त्या टेकडीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पुन्हा तीच दोन सेकंदांची अडखळ आली.

त्या दिवशी मी एक वही केली. या संपूर्ण प्रकारात माझ्या हातून झालेले हे सर्वांत उपयोगी काम होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मिस्तरींना “पिकअप नाही” एवढेच सांगितले तर ते त्यांच्या अनुभवातल्या सर्वांत परिचित दोषाकडे जातात, आणि त्यात त्यांची चूक नसते. मी पद्मालयाचा तोच चढ, तोच गिअर आणि साधारण तेवढेच वजन ठेवून दर खेपेला नोंद केली: इंजिन गार असताना काय होते, गरम झाल्यावर काय होते, एसी चालू असताना आणि बंद असताना काय फरक पडतो, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणारा, काटा कुठे असतो, धुराचा रंग कोणता. दहा दिवसांत एक चित्र दिसू लागले. अडखळ १,६०० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यान येत होती, गार इंजिनपेक्षा गरम इंजिनावर जास्त येत होती, सपाट रस्त्यावर सावकाश वेग वाढवला तर जवळजवळ येत नव्हती, आणि धूर नेहमी काळाच होता. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसे येते आहे, पण ते पूर्ण जळायला लागणारी हवा कमी पडते आहे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलकडे आणि निळसर धूर इंजिन ऑइल जळण्याकडे बोट दाखवतो. हा भेद मला आधी माहीत असता, तर पुढचा एक महिना वाचला असता.

घरच्या घरी आणखी दोन गोष्टी तपासता आल्या. अॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा वर चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे असे समजावे. आमच्या गाडीत काटाच जागचा हलत नव्हता, म्हणजे क्लचवर संशय घेण्याचे कारण नव्हते. दुसरे म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एखादे चाक वाजवीपेक्षा फार तापलेले असेल तर ब्रेक धरून राहतो आणि गाडी उगाच जड वाटते. चारही चाके सारखीच कोमट होती.

एअर फिल्टर २१ ऑक्टोबरला काढून पाहिला. आमच्याकडे तेव्हा कापसाची वेचणी सुरू झालेली असते आणि रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जातात, त्यामुळे फिल्टरच्या घड्यांमध्ये धुळीबरोबर कापसाचे तंतूही अडकलेले होते. नवा फिल्टर ४८० रुपयांना घेतला. दुकानदाराच्या आग्रहावरून नोझल साफ करणारे ६०० रुपयांचे द्रव्यही टाकीत ओतले. फिल्टरने किंचित फरक पडला, द्रव्याने काहीच नाही. त्याच आठवड्यात महामार्गावरच्या एका केंद्रात पीयूसी करून पाहिली. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाडीला धूर घनतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे. आमच्या गाडीचे मोजमाप ७१ आले. १५० रुपये गेले आणि प्रमाणपत्र मिळाले नाही. पण वहीत एक महत्त्वाची नोंद झाली. पीयूसीच्या वेळी गाडी उभी असते, इंजिनावर ओझे नसते. तरीही धूर मर्यादेबाहेर होता. या नोंदीचा अर्थ मला पुढे दीड महिन्याने कळला.

दिवाळीच्या तोंडावर, २८ ऑक्टोबरला, एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथे त्यांनी पाच मिनिटे गाडी चालवून पाहिली आणि चारही नोझल गेल्याचे सांगितले. दुरुस्त करून मिळणाऱ्या नोझलचा, मजुरी धरून, ३८,००० रुपयांचा अंदाज कागदावर लिहून दिला आणि दिवाळीनंतर गर्दी होईल म्हणून आगाऊ रक्कम भरायला सांगितले. कोणती चाचणी केली असे विचारल्यावर आवाजावरून कळते असे उत्तर मिळाले. मी पैसे देण्याच्या बेतात होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तीन आठवड्यांचा शीण होता, नोंदणीची तारीख जवळ येत होती, आणि कोणीतरी ठामपणे एक नाव घेतले की मनाला बरे वाटते. पत्नीने तो कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारला: हे बदलून फरक पडला नाही तर पैसे परत मिळतील का? मी आगाऊ रक्कम भरली नाही.

दिवाळीत सगळी गॅरेजेस बंद होती. त्यानंतर विधानसभा निवडणुकीचे प्रशिक्षण सुरू झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असल्याने २० नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत रजेचा प्रश्नच नव्हता. मधला एकच शनिवार, ९ नोव्हेंबर, मोकळा मिळाला. त्या दिवशी शाळेतल्या एका सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून जळगावला, साधारण ३० किलोमीटरवर, पंप-नोझलचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तसेच म्हणू लागलो.

चाचांनी आधी वही वाचली. पूर्ण वाचली. मग म्हणाले, “सर, नोझलचं नंतर पाहू. पयले मोजू तर द्या.” त्यांनी प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला वेगळी पारदर्शक बाटली जोडली आणि गरम इंजिन काही मिनिटे चालू ठेवले. नोझल आतून झिजला असेल तर त्याच्या परतीच्या नळीतून इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल येते आणि रेलमध्ये हवा तेवढा दाब टिकत नाही. चारही बाटल्यांमध्ये डिझेलची पातळी जवळजवळ सारखी होती. फवारा नीट होतो की नाही हे या चाचणीत कळत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले; पण चारही नोझल एकाच वेळी, एकाच प्रमाणात आणि गार इंजिन सहज सुरू होत असताना बिघडण्याची शक्यता त्यांना फार कमी वाटत होती. या चाचणीचे ५०० रुपये दिले. ३८,००० रुपयांचा तो कागद मी वहीत तसाच चिकटवून ठेवला आहे.

पुढची भेट २६ नोव्हेंबरला, रजा टाकून. मधल्या काळात मी गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे, मोबाइलला जोडता येणारे एक स्वस्त उपकरण मित्राकडून आणून पाहिले होते, पण ते आमच्या गाडीशी जुळलेच नाही. भारतात ओबीडी प्रणालीची, म्हणजे गाडीनेच आपले दोष नोंदवून ठेवण्याच्या सोयीची, सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि दुसरा टप्पा २०१३ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांना अशी सर्वसाधारण उपकरणे चालतीलच असे नाही. जुनी गाडी असेल तर उपकरण विकत घेण्यापूर्वी उसने आणून जोडून पाहावे. चाचांच्या पुतण्याकडे गॅरेजमध्ये वापरतात तसा स्कॅनर होता. त्याने दाखवले की संगणकात एकही दोष नोंदलेला नाही. मी निराश झालो, पण खरे काम त्यानंतर होते: गाडी चालवताना दिसणारे चालू आकडे पाहणे.

आम्ही महामार्गावर गेलो. मी गाडी चालवत होतो, पुतण्या शेजारी स्कॅनर घेऊन, चाचा मागे. चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की रेलमधला मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन्ही आकडे एकमेकांबरोबर चढत होते. म्हणजे पंप, रेल आणि डिझेलची बाजू ठीक होती. आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडाही वाढत होता. पण टर्बोच्या दाबाच्या ओळीत मागणी १,९०० मिलिबारची होती आणि मिळत होते १,४५० च्या आसपास. चाचा मागून म्हणाले, “हवा येते आहे, पण पोहोचत नाही. मध्येच कुठं तरी निसटते.”

हे मला नीट समजले तेव्हा सगळ्या नोंदी जागेवर बसल्या. सेन्सर हवा मोजतो, टर्बो ती दाबून पुढे ढकलतो, आणि संगणक मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो. वाटेत पाईप फाटला असेल तर मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत जात नाही, डिझेल मात्र पूर्ण हिशेबाने जाते. म्हणून ताकद नाही, आणि म्हणून काळा धूर.

पाईप तर मी स्वतः आणि गावातल्या मिस्तरींनी बॅटरी लावून पाहिले होते. ते अखंड दिसत होते. चाचांनी एअर फिल्टरच्या बाजूचे तोंड एका झाकणाने बंद केले. त्या झाकणाला टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. बंद इंजिनात त्यांनी त्यातून हलकी हवा भरली, दहा-बारा पीएसआयपेक्षा जास्त नाही, कारण जास्त दाबाने सील उडू शकते. मग सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावले. टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाईपच्या खालच्या वळणावर, जिथे वरून डोळा पोहोचत नाही, तिथे फेस फुगू लागला. पाईप सोडवून हातात घेतला तेव्हाही चीर दिसली नाही. चाचांनी तो दोन्ही हातांनी वाकवला आणि ती तोंड उघडल्यासारखी दिसली, तीन बोटे लांब. गार असताना रबर मिटून राहते, तापले आणि दाब आला की उघडते. गरम इंजिनावर अडखळ जास्त का येत होती, ते त्या क्षणी कळले. आतून पाईप तेलकट होता. इंजिनाच्या श्वासनळीतून येणाऱ्या तेलाचा थोडा थर तिथे असतोच, पण पंधरा वर्षे ते तेल आणि आमच्याकडचे उन्हाळे सोसून रबर मऊ पडले होते. स्कॅनिंग आणि ही चाचणी मिळून ९०० रुपये झाले.

मूळ बनावटीचा पाईप मागवायला चार दिवस लागले. बाजारात ७०० रुपयांचा साधा पाईपही होता, परंतु आतल्या दोऱ्यांचे थर नसलेले रबर दाबाने फुगते असे चाचांनी सांगितल्याने मी १,९०० रुपयांचाच घेतला. ३० नोव्हेंबरला तो बसला. जुन्या क्लिपा पुन्हा वापरू नयेत. दोन नव्या १४० रुपयांना मिळाल्या, आणि मजुरी ४०० रुपये. येताना महामार्गावर गाडीने जी धाव घेतली ती मला कित्येक वर्षांत आठवत नव्हती. माझे डोळे भरून आले. रस्त्यावर लक्ष राहावे म्हणून पाळधीजवळ मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो.

तरीही २ डिसेंबरला पीयूसीत ६८ आले.

त्या संध्याकाळी मी फार खचलो होतो. चाचांना फोन केला तर त्यांनी उलट मलाच आठवण करून दिली की वहीत उभ्या गाडीच्या धुराची नोंद आहे. टर्बोचा दाब गळतो तेव्हा त्याचा परिणाम मुख्यतः ओझ्याखाली दिसतो. उभ्या गाडीत टर्बो फारसा दाब निर्माणच करत नाही. म्हणजे उभ्या गाडीतला धूर दुसऱ्या कारणाचा होता. दोष दोन होते, आणि मोठ्याच्या आड लहान लपला होता. पद्मालयाच्या चढावर लक्ष देऊन चालवल्यावर मलाही जाणवले की हिसका गेला आहे, परंतु १,५०० फेऱ्यांच्या आसपास एक मंदपणा अजून आहे.

७ डिसेंबरला त्यांनी ईजीआर व्हॉल्व्ह काढला. हा व्हॉल्व्ह जळून गेलेल्या वायूंचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान कमी राहते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी तयार होतात. ताकद हवी असते तेव्हा तो बंद व्हायला हवा. आमचा व्हॉल्व्ह काजळीच्या जाड थरामुळे पूर्ण बंदच होत नव्हता, आणि स्वच्छ हवेची जागा धूर घेत होता. घरापासून शाळा सहा किलोमीटर आहे. रोजच्या एवढ्या लहान फेरीत इंजिन नीट तापत नाही आणि काजळी साचत जाते. साफ करायला दोन तास लागले. १,२०० रुपये मजुरी, १८० रुपयांचे नवे गॅस्केट. शेजारच्या एका गॅरेजवाल्यांनी व्हॉल्व्हच्या वाटेवर पत्रा ठोकून ती कायमची बंद करण्याचा सल्ला दिला होता. पुष्कळ जण तसे करतात. चाचांनी नकार दिला आणि मलाही ते नको होते, कारण तो भाग प्रदूषण कमी ठेवण्यासाठीच बसवलेला आहे आणि गाडीच्या मागे चालणाऱ्या माणसाने आमच्या सोयीसाठी तो धूर का घ्यावा.

९ डिसेंबरला पीयूसी: ४१. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला हे प्रमाणपत्र सहा महिन्यांचे मिळते. या चाचणीला जाण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करावे आणि ऑइलची पातळी पाहून घ्यावी, कारण तिथे अॅक्सिलरेटर पुन्हापुन्हा शेवटपर्यंत दाबतात. तीन वेळच्या पीयूसीसह दोष शोधण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च ८,१०० रुपये झाला, जळगावच्या फेऱ्यांचे डिझेल वेगळे.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वी जास्तीत जास्त साठ दिवस आधी करता येतो. मी १० डिसेंबरला परिवहनच्या संकेतस्थळावर भरला. मोटारगाडीसाठी नूतनीकरणाचे शुल्क तेव्हा ५,००० रुपये होते आणि पर्यावरण कर त्याहून वेगळा भरावा लागला. मुदत उलटली असती तर महिन्याला ५०० रुपये जादा लागले असते. १८ तारखेची वेळ मिळाली. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा एवढे बरोबर नेले. नोंदणी नानांच्या नावावर असल्याने सह्या त्यांच्याच लागतात, हे लक्षात ठेवून सगळ्या प्रतींवर त्या घरूनच घेतल्या. ठसा घेण्याआधी तो भाग रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर अंक उमटत नाहीत. निरीक्षकांनी दिवे, ब्रेक, हॉर्न, टायर, काचा पाहिल्या, इंजिन सुरू करायला लावले आणि मागे जाऊन धूर पाहिला. सगळे मिळून वीस मिनिटांत झाले; रांगेत मात्र साडेतीन तास गेले.

६ जानेवारी २०२५ ला पुन्हा नानांची तपासणी होती. तोच मार्ग, गाडीत तेच चौघे. घाटातल्या त्याच वळणावर मी तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी सरळ वर निघाली. नानांचे हात मांडीवर होते. कन्नडला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायला सांगितले आणि नवा पाईप कोणता ते बोटाने दाखवायला लावले.

नवे प्रमाणपत्र जानेवारीच्या शेवटी टपालाने आले. त्यावर २१ जानेवारी २०३० ही तारीख आहे. त्यानंतरची पीयूसी ८ जून २०२५ पूर्वी करायची होती, आणि आता रविवारी एकदा तरी गाडी जळगाव किंवा पारोळ्यापर्यंत नेऊन इंजिन पूर्ण तापू देतो. वहीत त्याचीही नोंद असते.